सोलापुरात मानवी हक्क कायद्याचे साहित्य: ग्रंथालयात नेमके कुठे आणि कसे शोधायचे?

जुळे_सोलापूर (धागाकर्ती)
एलएल.एम.चा लघुप्रबंध आहे. विषय: घरी विड्या वळणाऱ्या स्त्री कामगार आणि त्यांचे आर्थिक-सामाजिक हक्क. ग्रंथालयाच्या ओपॅकमध्ये (संगणकावरच्या ग्रंथसूचीत) ‘मानवी हक्क’ टाकले की परीक्षेची पाठ्यपुस्तके तेवढी दिसतात. आंतरराष्ट्रीय करार, समित्यांचे शेरे, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे, मानवी हक्क आयोगाचे अहवाल हे सगळे कोणत्या कपाटात असते, कोणत्या डेटाबेसमध्ये असते? घरून काय उघडते? सोलापुरात नाही मिळाले तर कुठे जायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

तळटीप
आधी विषयाचे नाव टाकून शोधणे बंद करा. या क्षेत्रातला जवळपास प्रत्येक मूळ दस्तऐवज स्वतःचा क्रमांक घेऊन येतो. निवाड्याला सायटेशन (तो छापणाऱ्या मालिकेचे नाव, वर्ष आणि पान) असते, कायद्याला वर्ष आणि अधिनियम क्रमांक, संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या कागदाला दस्तऐवज क्रमांक. तो हाती असेल तर कागद लगेच सापडतो. नसेल तर ‘ह्यूमन राइट्स’ टाकून जे येते ते बहुतेक गाइडच असते. पुस्तकांचा खरा उपयोग हे क्रमांक गोळा करण्यासाठी: चांगल्या पुस्तकाच्या तळटिपा आणि शेवटची निवाड्यांची सूची आधी वाचा, प्रकरणे मागाहून.

अनुक्रमणिका
कपाटांचे मी सांगतो. ड्युई या पुस्तकांच्या आकडेवार वर्गीकरण पद्धतीत हा विषय एका जागी बसतच नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून मानवी हक्क ३४१.४८ ला (जुन्या आवृत्तीने वर्गीकरण केलेली पुस्तके ३४१.४८१ ला). नागरी आणि राजकीय हक्क राज्यशास्त्राच्या बाजूला, ३२३ मध्ये. भारतीय संविधानातले मूलभूत हक्क ३४२.५४०८५. कामगार कायदा ३४४.५४०१. फौजदारी कायदा आणि प्रक्रिया ३४५.५४. तुमच्या विषयासाठी याखेरीज ३३१ म्हणजे श्रमाचे अर्थशास्त्र. त्यातही स्त्री कामगार ३३१.४ आणि बालमजुरी ३३१.३१. दलित अभ्यास ३०५.५६८८ च्या आसपास.

म्हणजे विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अर्धा विषय आणि उरलेला अर्धा विद्यापीठाच्या किंवा कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. विडी कामगारांवरचे क्षेत्र अभ्यास ३३१ ला असतात आणि कायद्याचा विद्यार्थी त्या रांगेकडे फिरकत नाही.

ओपॅक बहुतेक ठिकाणी सोल किंवा कोहा या प्रणालीवर चालतो. मराठी पुस्तकाची नोंद कुणी देवनागरीत केलेली असते, कुणी रोमन लिपीत. तेव्हा ‘मानवी हक्क’, ‘मानव अधिकार’, ‘मानवाधिकार’ ही तिन्ही रूपे दोन्ही लिप्यांत टाकून पाहा. एक योग्य पुस्तक मिळाले की त्याचा बोधांक (पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गीकरणाचा क्रमांक) घेऊन कपाटापाशी जा आणि डावी-उजवीकडची चार-चार पुस्तके हाताळा. ओपॅकमध्ये ‘उपलब्ध’ दिसूनही जागेवर नसेल तर बाइंडिंगला गेले आहे का हे दाखल क्रमांक सांगून देवघेव खिडकीवर विचारा. संदर्भ विभागातली प्रत घरी देत नाहीत, तिथेच बसून टिपणे काढावी लागतात.

कोर्टफी
निवाड्यांसाठी कपाटे-बिपाटे कशाला? इंडियन कानून हे संकेतस्थळ उघडा, शब्द टाका, झाले. फुकट आहे आणि शोधही चांगला.

तळटीप
शोधायला उत्तम, प्रबंधात उद्धृत करायला अपुरे. तिथे परिच्छेद क्रमांक कधी गळतात, कधी मूळ छापील क्रमांकांशी जुळत नाहीत. शिवाय निवाडा पुढे फिरवला गेला का, हे तिथे पानाच्या माथ्यावर लिहिलेले नसते. आणीबाणीतला एडीएम जबलपूर (१९७६) हा निवाडा आजही तिथे इतर निवाड्यांसारखाच दिसतो. तो पुट्टास्वामी या खासगीपणाच्या हक्काच्या निवाड्यात, (२०१७) १० एससीसी १ (एससीसी म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस ही मालिका), स्पष्टपणे फिरवला गेला. जुन्या पाठ्यपुस्तकांतही हीच अडचण आहे. २०१७ पूर्वीचे पुस्तक आणीबाणीतल्या हक्कांविषयी जे सांगते ते तसेच्या तसे उतरवले तर मार्गदर्शक तिथेच लाल रेघ मारतील.

इंडियन कानूनवर समांतर सायटेशन (त्याच निवाड्याचे इतर मालिकांतले क्रमांक) घ्या, मग तोच निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या मोफत संकेतस्थळावरून उतरवा. ते अधिकृत सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्सचे (एससीआर) डिजिटल रूप आहे, २०२३ पासून सर्वांना खुले.

आता वर्षांचा घोळ. तुमच्या विषयाचा कणा ठरेल असा निवाडा म्हणजे पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार, आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांचा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे अनुच्छेद २३ मधली वेठबिगारी, असे त्यात ठरले. निकाल सप्टेंबर १९८२ चा. एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९८२ एससी १४७३, (१९८२) ३ एससीसी २३५, पण एससीआरमध्ये तो १९८३ च्या पहिल्या खंडात, पान ४५६ वर आहे. कपाटात १९८२ चे एससीआर चाळत बसणारा हात हलवत परत येतो. सायटेशनमधले वर्ष खंडाचे असते, निकालाचे असेलच असे नाही.

एआयआरच्या जाड खंडांत आणखी एक गोष्ट जपा. सर्वोच्च न्यायालयाचा विभाग वेगळा, मुंबई उच्च न्यायालयाचा वेगळा, आणि प्रत्येकाची पाने १ पासून. ‘एससी’ की ‘बॉम’ हे न लिहिता नुसते वर्ष आणि पान टिपले तर ती टीप निरुपयोगी.

अनुक्रमणिका
भर घालतो: एससीसीच्या मूळ खंडांशिवाय फौजदारी आणि कामगार विषयांचे वेगळे खंड निघतात, तळटिपांत एससीसी (क्रि) आणि एससीसी (एल अँड एस) असे दिसतात. निवाडा तोच, पान वेगळे. ग्रंथालयाकडे यातली एकच मालिका असेल तरी काम भागते. आणि शीर्षटीप म्हणजे संपादकाने काढलेला सारांश. तो न्यायालयाचा शब्द नव्हे. उद्धरण नेहमी परिच्छेद क्रमांकासह, निवाड्याच्या अंगातून.

शेंगाचटणी
विडीवरचे थेट निवाडे लिहून घ्या. मंगलोर गणेश विडी वर्क्स विरुद्ध भारत सरकार, एआयआर १९७४ एससी १८३२: विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम, १९६६ घटनात्मक ठरला तो यात. राजंगम विरुद्ध तमिळनाडू राज्य, (१९९२) १ एससीसी २२१: विडी उद्योगातली बालमजुरी. हे दोन हाताशी असले की पुढचे निवाडे डेटाबेसमधल्या ‘यात उल्लेखिलेला’ किंवा ‘साइटेड इन’ या दुव्याने उलट दिशेने काढता येतात. शब्दशोधापेक्षा ही वाट खात्रीची.

पण मोठा खड्डा पुढे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लागू झाल्या. १९६६ चा विडी अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला, आणि १९४८ चा किमान वेतन अधिनियम वेतन संहिता, २०१९ मध्ये. कपाटातले कामगार कायद्याचे बहुतेक प्रत्येक पुस्तक त्याआधीचे आहे. कायद्याचा पाठ इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून घ्या, अंमलाची तारीख राजपत्रातल्या अधिसूचनेवरून पडताळा आणि संहितेचे शेवटचे ‘निरसन व व्यावृत्ती’ (जुने काय रद्द झाले आणि काय टिकले ते सांगणारे) कलम नीट वाचा. जुन्या निवाड्यातला सिद्धांत टिकतो का, हे नवे कलम शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. दोन स्तंभांचा तक्ता करून ठेवलात तर प्रबंधाचे एक परिशिष्ट तयारच होईल.

विडी कामगार कल्याण निधी अधिनियम, १९७६ मात्र विलीन झालेल्या २९ कायद्यांच्या यादीत नाही. घाईत तोही गेला असे लिहू नका.

जुळे_सोलापूर
हे फार उपयोगाचे. आता आंतरराष्ट्रीय भाग. करार पाठ्यपुस्तकाच्या मागे छापलेला असतोच, तोच वापरला तर चालेल ना?

तळटीप
मजकूर म्हणून चालेल, पण भारतापुरता तो अर्धाच. भारताने आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात १० एप्रिल १९७९ रोजी प्रवेश केला, तो काही घोषणा जोडून. पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टात करार असतो, घोषणा बहुधा नसतात. त्या संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाच्या संकेतस्थळावर मिळतात: प्रकरण ४, क्रमांक ३. नागरी व राजकीय हक्कांचा करार त्याच प्रकरणात क्रमांक ४ ला. तुमचा मुख्य आधार कलम ७, म्हणजे कामाच्या न्याय्य आणि अनुकूल अटी, आणि भारताची एक घोषणा नेमकी ७(सी) वर आहे: ते संविधानाच्या अनुच्छेद १६(४) शी सुसंगत राहील असे लावले जाईल. हे न पाहता कलम ७ वर पाने लिहिणे धोक्याचे.

त्यानंतर या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीची सामान्य टिप्पणी, म्हणजे कलमाचा अर्थ उलगडणारा कागद. कलम ७ साठी क्रमांक २३, २०१६ ची. दस्तऐवज क्रमांक ई/सी.१२/जीसी/२३. सामाजिक सुरक्षेच्या कलम ९ साठी क्रमांक १९, ई/सी.१२/जीसी/१९. मग देशाचा अहवाल तपासून समितीने दिलेले भारताविषयीचे समारोपाचे शेरे, २००८, ई/सी.१२/आयएनडी/सीओ/५. शोधताना हे सगळे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका, तिरप्या रेघा जिथल्या तिथे, मधे मोकळी जागा नको. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत क्रमांकाने शोध घेण्याची वेगळी सोय आहे. साध्या शोधपेटीत टाकणार असाल तर अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर बिंदू आणि रेघा गाळून तो हजारो भलतेच निकाल दाखवतो.

क्रमांक वाचायला शिकलात की पाठ करायची गरज नाही. ई म्हणजे आर्थिक व सामाजिक परिषद, सी.१२ ही समिती, मग देशाची तीन अक्षरे, सीओ म्हणजे समारोपाचे शेरे, शेवटी अहवालाचा क्रम. पण हा साचा जुन्या कागदांना लागू नाही. नागरी-राजकीय हक्कांच्या मानवाधिकार समितीचे भारताविषयीचे २०२४ चे शेरे सीसीपीआर/सी/आयएनडी/सीओ/४ असे आहेत, तर त्याआधीचे, १९९७ चे, सीसीपीआर/सी/७९/ॲड.८१. साच्यावरून अंदाज बांधून ‘सीओ/३’ टाकणाऱ्याला काही सापडत नाही आणि तो समजतो की कागदच नाही.

२००८ पर्यंतच्या सामान्य टिप्पण्या एकत्र हव्या असतील तर एचआरआय/जीईएन/१/रिव्ह.९, दोन खंडांत.

कोर्टफी
कोर्टात याचा उपयोग काय? करार म्हणजे कायदा नव्हे. जॉली जॉर्ज व्हर्गीस हा निवाडा वाचा, एआयआर १९८० एससी ४७०.

तळटीप
मुद्दा रास्त आहे, म्हणून तर दुवा दाखवावा लागतो. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ चे कलम २(१)(डी) पाहा. संविधानाने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत अंतर्भूत असून भारतातल्या न्यायालयांकडून अंमलात आणता येणारे हक्क म्हणजे मानवी हक्क. कलम २(१)(एफ) मध्ये १६ डिसेंबर १९६६ चे दोन्ही करार नावाने आले आहेत. न्यायालय करार कसा वापरते यासाठी विशाखा हा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा निवाडा, (१९९७) ६ एससीसी २४१. देशी कायद्यात पोकळी असेल आणि कराराशी विसंगती नसेल, तर करार आधाराला घेता येतो. संविधानातले अनुच्छेद ५१(सी) आणि २५३ सोबत ठेवा.

घोषणांचे पुढे काय होते याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे डी. के. बसू हा कोठडीतल्या छळाचा निवाडा, (१९९७) १ एससीसी ४१६. बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा अंमलयोग्य हक्क आपल्याकडे नाही, अशी घोषणा भारताने नागरी-राजकीय कराराच्या कलम ९ वर केली होती. न्यायालयाने म्हटले की आपल्या निवाड्यांमुळे तिचे औचित्य आता उरलेले नाही. घोषणा आणि निवाडा एकाच पानावर मांडले की प्रबंधाला वजन येते.

शेंगाचटणी
आंतरराष्ट्रीय श्रम संघटना राहिली. नॉर्मलेक्स हा तिचा मोफत डेटाबेस. देश निवडा, मग मान्य केलेली आणि न केलेली अभिसंधीपत्रे (कन्व्हेन्शन) वेगवेगळी दिसतात. घरी बसून करायच्या कामाचे (होम वर्क) अभिसंधीपत्र क्रमांक १७७, १९९६ चे, भारताने स्वीकारलेले नाही. त्याचा हवाला ‘भारतावर बंधनकारक’ म्हणून देऊ नका, तुलनेसाठी द्या. किमान वेतन ठरवण्याच्या यंत्रणेचे क्रमांक २६ मात्र भारताने १९५५ मध्येच स्वीकारले आहे आणि त्यात घरी चालणाऱ्या धंद्यांचा खास उल्लेख आहे. बालमजुरीची १३८ आणि १८२ ही १३ जून २०१७ ला स्वीकारली. तज्ज्ञ समितीचे अभिप्राय त्याच पानावर ‘ऑब्झर्व्हेशन’ आणि ‘डायरेक्ट रिक्वेस्ट’ या दोन प्रकारांत असतात, दोन्ही उघडा. बारकावे दुसऱ्यात जास्त सापडतात.

अनुक्रमणिका
घरून काय उघडते याबद्दल. एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा, एआयआर ऑनलाइन, हाइनऑनलाइन हे कायद्याचे डेटाबेस सगळे वर्गणीचे. कोणते चालू आहे हे दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या सीनिअरचा शब्द घेऊ नका, संदर्भ विभागात विचारा. बहुतेक परवाने परिसरातल्या आयपी पत्त्यावर चालतात. मोबाइल डेटा चालू ठेवून ग्रंथालयात बसलात तरी पान लॉगिन मागते. वाय-फाय संस्थेचेच हवे. एका वेळी ठरावीक वापरकर्त्यांची मर्यादा असेल तर परीक्षेच्या काळात दुपारी आत जाता येत नाही. काम संपल्यावर टॅब बंद करण्याऐवजी ‘साइन आउट’ करा, नाहीतर तुमची जागा अडून राहते.

एन-लिस्टचे (महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तके आणि नियतकालिकांच्या सेवेचे) लॉगिन महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडून मिळते आणि ते घरूनही चालते, पण त्यातून निवाड्यांच्या डेटाबेसची अपेक्षा ठेवू नका. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ हे केंद्र सरकारच्या योजनेतले वाचन १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाले, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. ते केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. तुमचे महाविद्यालय खासगी संस्थेचे असेल तर केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. जाताना ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचे किंवा प्राचार्यांचे पत्र न्या.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात विडी कामगारांवरचे प्रबंध पाहा, पण संदर्भसूचीपुरते. तिथली सायटेशन एकमेकांकडून उतरवलेली असतात आणि चुकीचा पान क्रमांक दहा प्रबंधांत सुखाने नांदतो.

जुळे_सोलापूर
हिराचंद नेमचंद वाचनालय किंवा कोर्टातले ग्रंथालय उपयोगी पडेल का? आणि पुणे?

कोर्टफी
जिल्हा न्यायालयातले वकील संघाचे ग्रंथालय सभासदांसाठी असते. ओळखीच्या वकिलांसोबत गेलात तर जुने बॉम्बे लॉ रिपोर्टर आणि महाराष्ट्र लॉ जर्नल पाहता येतात. हिराचंद नेमचंद हे सार्वजनिक वाचनालय, तिथे मराठी पुस्तके पाहा, लॉ रिपोर्टर शोधत जाऊ नका.

आणि उच्च न्यायालयाबद्दल: १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाकडे आला. त्यानंतरचे सोलापूरचे आदेश मुंबईच्या यादीत शोधाल तर ‘नोंद नाही’ येईल. खंडपीठाच्या पर्यायात कोल्हापूर निवडा.

अनुक्रमणिका
पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांचे ठेव ग्रंथालय (ती प्रकाशने जिथे जतनासाठी पाठवली जातात असे) आहे. छापील जुने अहवाल तिथे पाहा, शिवाय श्रम आणि शेतीवरचा संग्रह जबरदस्त आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी तिनेच परतता येते, पण हव्या त्या खंडांची यादी आधी ईमेलने कळवा. जुने खंड वेगळ्या साठ्यात असतात, काढायला वेळ लागतो आणि जेवणाची सुट्टी मधे येते. एखाद-दुसराच लेख हवा असेल तर प्रवास नको. तुमच्या ग्रंथालयाला डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सभासदत्व असेल तर आंतरग्रंथालय मागणी भरा: लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, वर्ष, पाने. यातला एक रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो.

जुळे_सोलापूर
आयोगाचे अहवाल? संकेतस्थळावर अलीकडची वर्षे दिसत नाहीत.

शेंगाचटणी
उशीर होतो त्याचे कारण कायद्यातच आहे. राष्ट्रीय आयोगाचा वार्षिक अहवाल मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम २० नुसार सरकारने कार्यवाहीच्या निवेदनासह संसदेसमोर ठेवायचा, राज्य आयोगाचा कलम २८ नुसार विधिमंडळासमोर. तोपर्यंत तो बाहेर येत नाही. म्हणून मधल्या वर्षांसाठी संसदेतली प्रश्नोत्तरे पाहा. लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर मंत्रालय ‘श्रम व रोजगार’ निवडून ‘बीडी’ शब्द रोमनमध्ये दोन्ही स्पेलिंगांनी टाका, एकदा दोन ई घालून आणि एकदा आय घालून. उत्तराला जोडलेले राज्यवार तक्ते ही खरी कमाई. टिपणात प्रश्न क्रमांक, तारांकित की अतारांकित आणि उत्तराची तारीख हवी.

आयोगाकडे तक्रार आणि घटना यांत एक वर्षाची मर्यादा आहे, कलम ३६(२). आकडेवारीचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवा. विडीची कमी मजुरी वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट, ती तक्रारींच्या तक्त्यात फारशी दिसणार नाही. तिथे आकडा लहान आहे म्हणून प्रश्न लहान आहे असे लिहू नका.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीवर प्रकरण करणार असाल तर घरांच्या हक्काची सामान्य टिप्पणी क्रमांक ४ आणि फुटपाथवरच्या रहिवाशांचा ओल्गा टेलिस निवाडा, (१९८५) ३ एससीसी ५४५, यांची भर घाला.

जुळे_सोलापूर
शेवटचे: हे सगळे मराठीतून मिळते का? मुलाखती मराठी-तेलुगूत घेणार आहे, परिशिष्टात कराराची कलमे मराठीत द्यायची आहेत.

तळटीप
मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे मराठी भाषांतर संयुक्त राष्ट्र मानवी हक्क उच्चायुक्तांच्या संकेतस्थळावर आहे, तेलुगूही आहे. ‘भारताचे संविधान’ मराठीत उपलब्ध आहे, त्यातले अनुच्छेद तसेच घ्या, स्वतः भाषांतर करू नका. ई-एससीआरवर काही निवाड्यांची मराठी भाषांतरे आहेत. वाचायला घ्या, उद्धरण इंग्रजी मूळातून. १९६६ च्या करारातल्या कलम ७ चे भाषांतर तुम्हीच केलेत तर खाली ‘भाषांतर: संशोधक’ लिहा आणि मूळ इंग्रजी शेजारच्या स्तंभात द्या. प्रत्येक फाइलचे नाव तिच्या दस्तऐवज क्रमांकावरूनच ठेवा. तिरपी रेघ फाइलच्या नावात चालत नाही, तिथे आडवी रेघ घाला. संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रत्येक कागदापुढे पाहिल्याची तारीख त्याच दिवशी टिपा.

जुळे_सोलापूर
उद्या केगावला जाऊन ३३१.४ पासून सुरुवात करते. सर्वांचे आभार.

अनुक्रमणिका
३३१.४ च्या आधी संदर्भ विभागात थांबा आणि वर्गणी चालू असलेल्या डेटाबेसची यादी मागून घ्या. पत्र विसरू नका.